उसिरप्पाचा कडू अंगारा

शेषगिरीरावांना दोघांनी धरून आत आणलं, तेव्हा त्यांच्या छातीतली शिट्टी थेट फाटकापर्यंत ऐकू येत होती. जयनगरातल्या पद्मावतीअक्कांच्या नव्या घराचा दिवाणखाना माणसांनी गच्च भरला होता. व्हरांड्यात, पायऱ्यांवर, तुळशीच्या कट्ट्यावरसुद्धा लोक बसले होते. बाहेर चपलांचा असा ढीग, की परत जाताना आपली मिळेल याची खात्री कुणी देऊ नये. गुरुवार होता, आणि गुरुवारी उसिरप्पास्वामी येत.

उसिरु म्हणजे कानडीत श्वास. दम्याच्या माणसाला श्वास देतात म्हणून उसिरप्पा. खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. देवनहळ्ळीच्या किल्ल्यामागं त्यांची कुटी होती आणि तिथून ते बसनं यायचे. पण बसनं येतात हे सांगताना भक्त आवाज असा खाली आणत, जणू गरुडावर बसून येणं स्वामींनी केवळ नम्रतेपोटी सोडलं होतं.

"आ करा," स्वामी म्हणाले.

शेषगिरीरावांनी आ केला. स्वामींच्या बरणीतला चिमूटभर अंगारा जिभेवर पडला आणि त्यांचा चेहरा आक्रसला.

"कडू लागलं? लागणारच. तुमचंच कर्म ते. गोड कसं लागेल?"

सगळे हसले. शेषगिरीरावांना हसायलाही श्वास नव्हता.

"आता भजन. संपेपर्यंत कुणी उठायचं नाही, कुणी दार उघडायचं नाही. नामानं वारा वळतो. वारा म्हणजे कोण? हनुमंत. हनुमंताला काय आवडतं? नाम. मग त्याला काय इंजेक्शननं बोलावता?"

पेटी वाजू लागली. एक कानडी पद झालं, मग मराठी अभंग, मग आरती, मग पुन्हा कानडी पद. स्वामी एकेक ओळ अशी घोळवत की बायकांच्या मांडीवरची पोरं झोपून जात. आणि शेवटच्या पदाला येईतो शेषगिरीराव ताठ बसून टाळ्या वाजवत होते. शिट्टी गेली होती. स्वामी नुसतं "उठा" म्हणाले आणि तो सत्तरीकडे झुकलेला माणूस उठून, कुणाचाही हात न धरता, देव्हाऱ्यापर्यंत चालत गेला. त्याचे हात थरथरत होते.

"बघा, हात कापतायत," स्वामी म्हणाले. "शक्ती उतरली की कापतात. कुरुक्षेत्रावर अर्जुनाचे कापले होते की नाही?"

मागं भिंतीला टेकून बसलेली प्रमोदिनी हे सगळं पाहत होती. तिच्या मांडीवर आठ वर्षांची नयना होती. पहिल्या गुरुवारी प्रमोदिनीला या बडबडीचं हसू आलं होतं. आता तिसऱ्या गुरुवारी तिला ते येत नव्हतं, आणि येत नाही हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

पुण्याच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली मुलगी ही. लग्न होऊन बंगळूरला आली, कारण मधुकरला इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनियरची नोकरी लागली होती. ही गोष्ट त्रेसष्ट सालची. शहराची हवा चांगली म्हणून सगळे म्हणत, पेन्शनर लोक मुद्दाम इथं घरं बांधत, आणि त्याच हवेत नयनाला दमा जडला. सकाळचं धुकं पडलं की पोरीची मान ताणली जायची, गळ्याखाली खळगा पडायचा. प्रमोदिनी रात्री तिच्या पाठीशी उशा लावून बसे आणि श्वास मोजत राही. स्वतः झोपली तरी तिचे कान जागेच.

डॉक्टर त्रिविक्रम बसवनगुडीत दवाखाना चालवत. तिथल्याच जुन्या मराठी घरातले. तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा पलटणीबरोबर त्यांचे पूर्वज इकडं आले आणि राहिले. आधी त्यांनी नयनाला एक पांढरी गोळी दिली होती. तिनं फरक पडला, पण पुरता नाही. मग त्यांनी काचेचा फवारा दिला: काचेच्या नळीत औषध, मागं रबराचा फुगा, तोंडाशी धरून फुगा दाबला की औषधाचं धुकं थेट छातीत जाई. नयनानं त्याला नाव ठेवलं होतं फुसफुस्या. त्या दिवशी डॉक्टरांनी गोळी बंद केली आणि बजावलं होतं, "दोन्ही एकदम नको. दोघांचा मार हृदयावर एकाच जागी बसतो. फवारा सुरू, गोळी बंद. सरी?"

"सरी, ठीक," प्रमोदिनी म्हणाली होती.

फवाऱ्यानं बरं वाटे. पण दमा गेला नव्हता, आणि डॉक्टर तो जाईल असं म्हणतही नव्हते. "सांभाळत राहायचं," एवढंच. आईला ते ऐकवत नाही. शेजारच्या पद्मावतीअक्कांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं.

"डॉक्टर सांभाळणार गं, बरं करणार कोण? एक गुरुवार स्वल्प येऊन तर बघ. तुझं काय जातंय?"

प्रमोदिनीनं मधुकरला विचारलं. तो वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला, "प्रयोग म्हणून करून बघ. आपली श्रद्धा थोडीच आहे?"

प्रयोग हा शब्द दोघांना फार सोयीचा पडला. श्रद्धा म्हटलं असतं तर लाज वाटली असती. प्रयोग म्हटल्यावर ताठ मानेनं जाता आलं. मात्र प्रयोगशाळेत चार वर्षं काढलेल्या बाईनं या प्रयोगाच्या वेळी एक गोष्ट केली नाही. बरणीत काय आहे, हे तिनं विचारलं नाही.

आणि उसिरप्पा हुशार. पहिल्याच भेटीत तिच्या पर्समधून डोकावणारा फवारा त्यांनी पाहिला. प्रमोदिनीला वाटलं, आता हा फेकून दे म्हणतील. तसं म्हणाले असते तर ती उठून घरी गेली असती.

"चालू दे अम्मा, चालू दे," ते म्हणाले. "मी डॉक्टरच्या विरुद्ध नाही. विज्ञान एक डोळा, ज्ञान दुसरा. डॉक्टरचा पंप बाहेरून वारा घालतो, माझा प्रसाद आतून दार उघडतो. दोन्ही पाहिजे."

किती समंजस माणूस, असं तिला वाटलं. घरी मधुकरला तिनं ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं, आणि त्यालाही ते पटलं. रोज सकाळी स्वामींनी दिलेल्या अंगाऱ्याची एक पुडी जिभेवर, आणि गुरुवारी स्वामींच्या हातून. नयना तोंड वाकडं करून गिळायची.

फरक पडला. नयना सकाळी जिना धावत चढू लागली. मात्र रात्री ती टक्क जागी राहायची. स्वामी म्हणाले, "जागृती." जेवण सुटलं, ताटातली पोळी तशीच राहू लागली. स्वामी म्हणाले, "वैराग्य." आठ वर्षांच्या पोरीला वैराग्य आलं हे ऐकून अक्कांनी दोन्ही हात जोडले. चित्र रंगवताना तिचा ब्रश कापायचा, त्याला तर अर्जुन होताच.

"आई, अंगारा कडू का असतो?" एकदा नयनानं विचारलं.

"प्रसादाला नावं ठेवू नयेत," प्रमोदिनी म्हणाली. तोंडातून वाक्य गेल्यावर तिला तिच्या आत्याची आठवण झाली. लहानपणी असं काही विचारलं की आत्या याच शब्दांत गप्प करी.

महिन्याच्या तपासणीला ती नयनाला घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टर त्रिविक्रमांनी मनगट धरलं, घड्याळ पाहिलं, मनगट सोडलं, पुन्हा धरलं.

"हृदय फार पळतंय. अम्मा, फवारा जास्त मारत नाही ना?"

"नाही हो. तुम्ही सांगितलंत तेवढाच."

"आणि दुसरं कुठलं औषध?"

"नाही."

"ती जुनी गोळी? काढा, चूर्ण? होमिओपथीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्या? सासूबाई काही पाठवतात का पुण्याहून?"

"नाही डॉक्टर. काहीसुद्धा नाही."

ती खोटं बोलत नव्हती, असं तिचं त्या क्षणी म्हणणं होतं. औषधाबद्दल विचारलं, औषध नाही म्हणून सांगितलं. अंगारा म्हणजे प्रसाद. देवळातला खडीसाखरेचा खडा कुणी डॉक्टरला सांगतं का? पण त्या सबबीच्या खाली आणखी एक गोष्ट होती, आणि ती तिला ठाऊक होती. टेबलापलीकडच्या या शिकलेल्या माणसासमोर, बी.एस्सी. झालेल्या आपण एका बुवाकडं पोरीला नेतो, हे तिच्यानं बोलवत नव्हतं. प्रसाद हा शब्द तिनं पदरासारखा पुढं ओढून घेतला होता.

डॉक्टर बराच वेळ नयनाच्या बोटांकडं पाहत राहिले. मग म्हणाले, "फवारा कमी करू. आठवड्यानं परत या."

पण फवारा कमी केल्यावर नयनाला दम लागला, तर आईचा हात फुग्याकडं जाणारच. तो त्या गुरुवारी गेला.

त्या दिवशी अक्कांकडं नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती. धुपाचा धूर इतका, की समोरचा माणूस निळसर दिसे. नयनाला सकाळी पुडी दिली होती, आणि स्वामींनी सगळ्यांदेखत पुन्हा चिमूट दिली. आज चिमूट मोठी होती. भजन सुरू झालं. धुरानं पोरीला खोकला सुटला, छातीत शिट्टी वाजू लागली. दार उघडायचं नाही ही स्वामींची अट होती, म्हणून प्रमोदिनीनं पदराआड फवारा काढला आणि दाबला. जरा थांबून पुन्हा दाबला. शिट्टी थांबेना, म्हणून आणखी एकदा.

शिट्टी थांबली, आणि नयना कापू लागली. आधी बोटं, मग हात, मग हनुवटी. चेहरा पांढराफटक, डोळे मोठे झालेले, कपाळावर घामाचे थेंब. मानेची शीर लांबून दिसावी अशी उडत होती.

पेटी थांबली. उसिरप्पा उभे राहिले. त्यांनी पोरीकडं पाहिलं, आणि ते एक क्षण, फक्त एक क्षण, गोंधळले. मग त्यांनी हात वर केले.

"देवी आली. कुमारीच्या अंगात देवी आली. कुंकू आणा."

दिवाणखान्यात एकच हालचाल झाली. अक्कांनी कुंकवाचा करंडा आणला. कुणीतरी देव्हाऱ्यावरचा शेवंतीचा हार काढून नयनाच्या गळ्यात घातला. बायका पुढं सरकून तिच्या पायांवर डोकी ठेवू लागल्या. शेषगिरीरावांनी साष्टांग नमस्कार घातला. एकीनं विचारलं, "आई, माझ्या लेकाची बदली होईल का गं?"

आणि प्रमोदिनीनंही हात जोडले.

याची लाज तिला पुढं सगळ्यात जास्त वाटली. मुलीची शीर उडते आहे हे तिला दिसत होतं. तरी एवढी माणसं आपल्या लेकीच्या पाया पडताहेत, या दृश्यानं तिच्या छातीत काहीतरी फुलून आलं. कुठल्याशा कोपऱ्यात तिला अभिमान वाटला. जोडलेल्या हातांनी ती आपल्याच पोरीकडं देवी म्हणून पाहत राहिली.

"आई," देवी म्हणाली, "माझ्या छातीत कुणीतरी पळतंय. त्याला थांबव ना." आणि तिनं कुंकवानं भरलेल्या फ्रॉकवर ओकारी केली.

प्रमोदिनीनं हार तोडून टाकला आणि पोरीला उचललं.

"अगं, अंगात असताना हलवू नये," अक्का आडव्या आल्या. "कोप होतो गं बाई."

"बाजूला व्हा अक्का."

"अम्मा, विसर्जन झाल्याशिवाय बाहेर नेलंत तर माझी जबाबदारी नाही," स्वामी म्हणाले. ते मात्र त्या दिवशीचं त्यांचं एकमेव खरं वाक्य होतं.

ती अनवाणीच रस्त्यावर आली. कोपऱ्यावर रिक्षा मिळाली. दवाखान्यात संध्याकाळची गर्दी होती. कपाळभर कुंकू फासलेली पोर पाहून बाकावरची माणसं उठून उभी राहिली. डॉक्टरांनी नयनाला टेबलावर घेतलं, छातीला नळी लावली. ते बराच वेळ ऐकत राहिले, आणि ऐकताना त्यांचा चेहरा बदलत गेला.

"मधेच ठोका चुकतोय. काय दिलंत?"

"फवारा."

"आणि?"

दाराशी माणसं होती. प्रमोदिनीनं मान खाली घातली. "अंगारा," ती म्हणाली.

"कसला अंगारा?"

"उसिरप्पास्वामींचा. रोज देतेय. महिना झाला."

डॉक्टर काही बोलायच्या आत टेबलावरून बारीक आवाज आला. "तो तुमच्या गोळीसारखा कडू असतो. आधीच्या पांढऱ्या गोळीसारखा. मी आईला विचारलं होतं."

डॉक्टर त्रिविक्रमांनी नळी कानांतून काढली. "एफेड्रिन. त्या गोळीतलं औषध," ते पुटपुटले. मग प्रमोदिनीकडं वळून त्यांनी विचारलं, "गेल्या खेपेला मी तुम्हाला विचारलं होतं ना?"

"तुम्ही औषध म्हणालात. मला वाटलं, प्रसाद हे औषध नव्हे."

हे वाक्य आपल्याच कानांनी ऐकताना तिला जमीन दुभंगावी असं वाटलं. डॉक्टर रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत.

"फवारा हृदयाला पळवतो. ती गोळीही पळवते. एका घोड्याला दोघंजण चाबूक मारत होते, अम्मा, आणि एकाला दुसरा दिसत नव्हता. वर मी फवारा कमी केला. का, तर तुम्ही नाही म्हणालात. मीही चुकलो, पण तुमच्या उत्तरावर चुकलो."

"आता काय द्यायचं?"

"काही नाही. आता काही न देणं हाच उपाय. जोर ओसरेपर्यंत ती माझ्या नजरेसमोर राहील."

तेवढ्यात निरोप मिळालेला मधुकर कारखान्यातून धावत आला. तो नयनाच्या उशाशी उभा राहिला आणि बायकोकडं पाहू शकला नाही. प्रयोग हा शब्द त्याचाही होता. पोरीच्या मानेवरची शीर हळूहळू निवली. तिनं डोळे मिटले, तेव्हा प्रमोदिनी घाबरून वाकली.

"झोपली आहे," डॉक्टर म्हणाले. "महिन्याभरात धड झोपली नसेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी नयनाला घरी न्यायला ती गेली, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "पुड्या शिल्लक आहेत का? तुम्ही रसायनशास्त्र शिकलात ना? मग या आत."

आतल्या खोलीत लघवीतली साखर तपासायचं सामान होतं: परीक्षानळ्या, मोरचुदाचं निळं पाणी, कॉस्टिक सोडा. डॉक्टरांनी एका जाड पुस्तकातलं पान उघडून समोर ठेवलं आणि ते रुग्ण पाहायला निघून गेले. प्रमोदिनीनं पुडी पाण्यात कालवली. गाळणकागदावर राख अडली, खाली स्वच्छ पाणी उतरलं. त्यात मोरचूद घातला, मग सोडा. पुस्तकात एफेड्रिनची खूण म्हणून दिलेला जांभळा रंग नळीत उभा राहिला.

पाच मिनिटांचं काम. तिच्या हातांना ते येत होतं, महिन्याभरापूर्वीही आलं असतं. ती नळी हातात धरून खिडकीशी उभी राहिली आणि तिथंच रडली.

"पोलिसात द्या," बरोबर आलेला मधुकर म्हणाला.

"देऊ," डॉक्टर म्हणाले. "पण तो दुसऱ्या गावी जाईल, नवं नाव घेईल. आधी त्याच्यासमोर बसलेल्या माणसांना सांगायला हवं. आणि ते मी सांगून चालणार नाही. मी डॉक्टर, माझा धंदा बुडतो म्हणून बोलतो म्हणतील."

ते कुणाकडं पाहत होते हे प्रमोदिनीला कळलं. सगळ्या वसाहतीसमोर उभं राहायचं, आणि सांगायचं की मी डॉक्टरशी खोटं बोलले. नको, असं तिच्या ओठांवर आलं. मग तिला शेषगिरीराव आठवले, त्यांचे कापणारे हात आठवले.

पुढच्या गुरुवारी ती अक्कांकडं गेली. बरोबर मधुकर आणि डॉक्टर होते. दिवाणखान्यात कुजबुज झाली. गेल्या गुरुवारची देवी घरी बसून पेज खात होती, पण देवीची आई आली म्हणून बायकांनी वाट दिली.

"देवी शांत झाली का?" उसिरप्पांनी हसून विचारलं.

"झाली. तुमचा प्रसाद बंद केल्यावर," प्रमोदिनी म्हणाली. तिनं टेबलावर तीन परीक्षानळ्या मांडल्या. "अक्का, तुमच्या बंबातली चिमूटभर राख द्या."

"कशाला गं?"

"द्या तर."

पहिल्या नळीत बंबातल्या राखेचं गाळलेलं पाणी, दुसरीत स्वामींच्या अंगाऱ्याचं. तिनं दोन्हींत मोरचूद आणि सोड्याचे तेच थेंब टाकले. पहिली निळी झाली, दुसरी जांभळी. लोक पुढं वाकले.

उसिरप्पा मागं हटणारे नव्हते. "बघा, बघा. साध्या राखेला तेज नाही, प्रसादाला आहे. जांभळा हा देवीच्या शालूचा रंग. अम्मांनी विज्ञानानं सिद्ध करून दाखवलं."

दोघातिघांनी हात जोडलेसुद्धा. तेव्हा डॉक्टरांनी खिशातून पांढरी गोळी काढली आणि सगळ्यांना दाखवली. प्रमोदिनीनं ती चुरली, पाण्यात विरघळवली, गाळली, थेंब टाकले. तिसरी नळी जांभळी झाली.

"मग ही देवी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातही मिळते," डॉक्टर म्हणाले. "गोळीच्या दरात."

मागं कुणीतरी फसकन हसलं. उसिरप्पांचं हसू जागच्या जागी राहिलं, पण डोळे दाराकडं गेले.

"असेल," शेषगिरीराव दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "पण मला बरं वाटतं हो. मी स्वतः चालत गेलो. तुम्ही सगळ्यांनी पाहिलंत."

"वाटणारच," डॉक्टर म्हणाले. "औषध खरं आहे, शेषगिरीराव. दम्याचंच आहे. पोटातून अंगात चढायला त्याला वेळ लागतो, म्हणून एवढं लांब भजन. औषध चढलं की स्वामी 'उठा' म्हणतात. हात कापतात, झोप उडते, भूक मरते, ते त्याच गोळीचं. आता मला सांगा, तुमच्या ब्लडप्रेशरचं काय?"

"वाढलंय," शेषगिरीराव म्हणाले. "गोळ्या घेतोय तरी वाढतंय. आमचे डॉक्टर म्हणाले, काय खाता? मी म्हटलं, काही नाही."

"तुमची गोळी दाब खाली ओढते, हा अंगारा वर ढकलतो. तुमच्या डॉक्टरला हे कळणार कसं?"

"स्वामी," मधुकर म्हणाला, "आज बंबातली राख द्या आणि श्वास देऊन दाखवा. भजन हवं तेवढं म्हणा. आम्ही बसतो."

"श्रद्धेची परीक्षा घेणाऱ्यांपुढं मी बसत नाही," उसिरप्पा म्हणाले. "देवनहळ्ळीला लोक खोळंबलेत." त्यांनी झोळी काखेला लावली, बरणी उचलायला हात घातला. बरणीवर पद्मावतीअक्कांचा हात आधीच होता.

"ही राहू दे," अक्का म्हणाल्या. "चला बघू आता, बस चुकेल तुमची."

फाटकाबाहेर दोन पोलीस शिपाई उभे होते. बस चुकली.

पण दिवाणखान्यातले लोक हलले नाहीत. काहींच्या चेहऱ्यावर राग होता, आणि तो स्वामींवर कमी, प्रमोदिनीवर जास्त होता. आशा काढून घेणारा माणूस कुणाला आवडत नाही. तिला ते दिसलं. तिला घरी जायचं होतं, पण जे सांगायला आली होती ते अजून सांगून झालं नव्हतं.

"त्यानं फसवलं हे खरं," ती खाली पाहत म्हणाली. "पण माझी मुलगी मरायला टेकली ती नुसती त्याच्यामुळं नाही. डॉक्टरांनी मला सरळ विचारलं होतं, दुसरं काही देता का. मी नाही म्हणाले. शिकलेली आहे म्हणून लाज वाटली. तेव्हा खरं बोलले असते तर हे त्याच दिवशी थांबलं असतं. मी लाज सांभाळली, आणि तिचं हृदय पळत राहिलं." तिनं नळ्या गोळा करायला सुरुवात केली.

मग शेषगिरीरावांच्या सूनबाई, चंपा, उठून डॉक्टरांजवळ आल्या. पदर तोंडाशी धरून त्यांनी हळूच विचारलं, "डॉक्टर, बाळाला फिट येते म्हणून गोळी चालू आहे. आणि आमच्या ओळखीचे एकजण काळी मात्रा देतात. मधातून. ती औषधात येते का?"

"येते, अम्मा. कोण देतं, कधीपासून? बसा."

त्यांच्यामागं दुसरी उभी होती. तिच्या नवऱ्याला मधुमेह होता, आणि ती कुठल्याशा झाडाचं पाणी त्याच्या कॉफीत घालत होती, त्यालाही न सांगता. तिच्यामागं तिसरी. पद्मावतीअक्का आतून खुर्ची घेऊन आल्या, ती त्यांनी डॉक्टरांना दिली, आणि स्वतः रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या.

या गोष्टीत मंत्र नाही, देवी नाही. एक गोळी, थोडी राख आणि एका आईचं मौन आहे. उसिरप्पासारखी माणसं आपल्या अज्ञानापेक्षा आपल्या लाजेवर जास्त जगतात. अडाणी माणूस निदान डॉक्टरला विचारतो, शिकलेला लपवतो. म्हणून एवढंच मागणं आहे. तोंडानं, नाकानं, फवाऱ्यानं जे काही अंगात जातं ते सगळं औषधच. त्याला प्रसाद म्हणा, तीर्थ म्हणा, चूर्ण म्हणा. रक्ताला नावं कळत नाहीत. दोन औषधं आत गेल्यावर एकमेकांशी काय वागतात हे ज्याला कळतं, त्याला दोन्ही सांगा. सांगताना मान खाली जाईल. जाऊ दे. प्रमोदिनीची गेली होती, पण आता ती रात्री श्वास मोजत बसते तेव्हा समोर नयना असते.